टायपिस्टने न टाइप केलेली ओळ

सगळी इमारत त्याला टायपिस्ट म्हणूनच ओळखायची. उभा जन्म त्याने कोर्टात साक्षी टाइप करण्यात घालवला होता. साक्षीदार रडो, अडखळो नाहीतर धडधडीत खोटं बोलो, हा बाबा कानावर पडेल ते कागदावर उतरवणार, काना-मात्रा इकडची तिकडे होणार नाही. एकदा भर सुनावणीत बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली, तरी बोटं आपली चालूच, आणि जागा होऊन बघतो तर सगळी साक्ष बरोबर. हा किस्सा तो कोणालाही ऐकवायचा, ऐकणाऱ्याने आधी दहादा ऐकलेला असला तरी.

रिटायर झाल्यावरही टायपिंग सुटलं नाही, ते बायकोमुळे. मोठ्या तापात तिचे कान गेले होते. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून तिला कळायचं, पण टीव्हीवरची माणसं कुठली आपल्याकडे तोंड करून बोलायला! बातम्यांचं ठीक होतं. त्यांना चॅनेलवाले सबटायटल द्यायचे, रिमोटचं एक बटण दाबलं की खाली अक्षरं यायची, पुन्हा दाबलं की जायची, आणि रेकॉर्डिंग केलं तर तीही सोबत यायची. पण तिचा जीव अडकलेला एका जुन्या कौटुंबिक मालिकेत. ती दुपारी परत लागायची आणि तिथे सबटायटलच्या नावाने बोंब.

मग याने डोकं लढवलं. मालिकेचा भाग पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करायचा, आतल्या खोलीत कॉम्प्युटरला लावायचा, ऐकून ऐकून एकेक संवाद टाइप करायचा, कोणती ओळ कधी यायची नि कधी जायची ते ठरवायचं, आणि ती फाइल त्या भागाच्या शेजारी ठेवून द्यायची. संध्याकाळी पेन ड्राइव्ह टीव्हीत खोचला की तिच्यासाठी अक्षरं हजर. मान मोडेपर्यंतचं काम, पण तक्रार नाही. बायकोवर जीव होता त्याचा, आणि तो असा टाइप करूनच दाखवता येत होता त्याला.

आता बायकोच्या बहिणीचं सांगायला हवं. थोरली, म्हणजे ताई. आईचं शिवणयंत्र कोणी न्यायचं यावरून दोघींचं वाजलं, आणि "मला बहीणच नाही" असं धाकटी बोलून बसली. बोलून बसली खरी, पण ते मागे कोणी घ्यायचं? वर्षं गेली. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्याच सुमारास ताईच्या मुलाचा फोन आला. आई हॉस्पिटलमध्ये आहे, मावशीची आठवण काढते, दारात कोणी आलं की धाकटी आली का विचारते, काका, मावशीला आणता का? डॉक्टरांनी बायकोला धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलेलं. हा म्हणाला, बघतो. बघतो म्हणाला आणि बसून राहिला. पुढचा फोन आला तो ताई गेल्याचा.

तेही त्याने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला, आणि ते न सांगणं त्याच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं. त्यातच मालिकेतली मोठी बहीण मेली. झालं! आयुष्यात पहिल्यांदा टायपिस्टची बोटं खोटं बोलली. पडद्यावर सगळे हंबरडा फोडताहेत आणि खाली अक्षरं, ताई मुलाकडे परदेशी गेल्या. "विमानाने जायचं तर एवढं रडायला काय झालं?" बायको म्हणाली आणि हसली. तो हसला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ते झालं. पडद्यावर मालिकेतलं रिकामं स्वयंपाकघर होतं. माणूस नाही, बोलणं नाही, नुसता खिडकीचा पडदा हलत होता. खाली ओळ आली.

ती माझी आठवण काढते का?

टायपिस्ट खुर्चीतून पुढे झुकला. त्याने हे टाइप केलं नव्हतं. बायको शर्टाला बटण लावत होती, तिने ओळ वाचली आणि पुन्हा सुईकडे बघितलं. ती झोपायला गेल्यावर त्याने फाइल उघडली. ओळ होती, वेळेसकट, जागच्या जागी. त्याने पुसून टाकली.

पुढच्या भागात ती ओळ जिन्याच्या दृश्याखाली आली. जिना रिकामा होता. त्याच्या पुढच्या भागात दार लोटलं गेलं, आत कोणी आलंच नाही, आणि दाराखाली तीच ओळ. पाठोपाठ दुसरी, सांगा ना. दर वेळी फाइल टीव्हीत लावण्याआधी त्याने वरपासून खालपर्यंत तपासलेली असायची. तो आतल्या खोलीत जायला घाबरू लागला. गेलाच तर खुर्ची भिंतीला टेकवून बसायचा, पाठीमागे जागा नको म्हणून. आपलीच बोटं आपल्याला न विचारता काही लिहिताहेत की काय, या विचाराने तो हात मांडीखाली दाबून धरायचा.

मग त्याच्या मनाने एक वाट काढली. बायको! लग्नानंतर त्यानेच तिला टायपिंग शिकवलं होतं. आपण फाइल तपासून उठलो की ती आत जाऊन ओळ घालत असणार. बहिणीची आठवण येते, पण तोंडाने विचारायला मानी स्वभाव आडवा येतो, म्हणून हा मार्ग. भाचा अधूनमधून फोन करतो हे तिला ठाऊकच होतं. ताई माझी आठवण काढते का, एवढंच तिला हवं होतं. भीती गेली आणि त्याला भडभडून आलं. आता तिला फसवायचं नाही. तिने लिहून विचारलं, आपण लिहून सांगायचं.

पुढच्या भागात एका मोकळ्या अंगणाच्या दृश्याखाली त्याने टाइप केलं, हो, काढायची. हॉस्पिटलमध्ये दारात कोणी आलं की धाकटी आली का विचारायची. तुला सांगायला मला धीर झाला नाही. ताई गेली.

संध्याकाळी ते अंगण आलं. बायकोने वाचलं. तिची सुई थांबली.

"हे काय लिहिलंय? कोण गेलं?"

त्याने तिच्याकडे तोंड केलं. "तूच विचारत होतीस ना? आठवण काढते का म्हणून?"

"मी?" ती म्हणाली. "मला वाटलं, मालिकेतलंच कोणीतरी विचारतंय."

आता मागे फिरायला वाट नव्हती. तिच्या समोर बसून, एकेक शब्द ओठांवर नीट आणत त्याने सगळं सांगितलं. आजारपण, भाच्याचा फोन, आपलं ते बघतो म्हणणं. ती त्याचे ओठ बघत राहिली. रडली नाही. "तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत," एवढंच म्हणाली, आणि हे तो मरेपर्यंत ऐकत राहणार होता.

भाग तसाच चालू होता. पडद्यावर आता बंद खोली होती, एक रिकामी खुर्ची, आणि त्या दृश्याला त्याने एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. खाली ओळ उमटली. ती माझी आठवण काढते का?

त्याने अक्षरं घालवायला रिमोटकडे झेप घेतली. बायकोने त्याचा हात धरला. तिचा हात गार पडला होता, पण पकड घट्ट होती. ती टीव्हीकडे वळली आणि कान गेल्यापासूनच्या तिच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "काढते गं, ताई. रोज काढते."