एका फोनवरच्या दोघी

"ताई, घरात कुणी इंजिनिअर मुलगा असेल तर त्याला बसवा ना समोर."

ऑनलाइन बैठक चालवणारा तो हे मराठीत बोलला. तोवर सगळं इंग्रजीत चाललं होतं. अपमान तेवढा माझ्या भाषेत केला.

स्क्रीनवर चौकटी, चौकटींत चेहरे. कुणीतरी हसलं. कुणाचा तरी माइक चालू राहिला होता. त्यातून स्वच्छ ऐकू आलं, "वाशीम? हे कुठे आलं?" मी कामरगावच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी बसले होते. वय पंचेचाळीसच्या पुढे. मी म्हणाले, "थँक यू सर." आणि बैठकीतून बाहेर पडले.

त्या थँक यूची मला अजून चीड येते.

मी तिथे का गेले ते सांगते. आमचा दवाखाना एका संस्थेचा, लहानसा. नोंदणी, कॉम्प्युटर, प्रिंटर, बिघडलेला इन्व्हर्टर, सगळं माझ्याकडे. पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रामही मीच बसवला. शिकले, अडले, परत शिकले. त्यासाठी एक ओपन सोर्स लायब्ररी घेतली. म्हणजे नोंदी कशा साठवायच्या याचा दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. फुकट. कुणीही वापरावा, चूक सापडली तर कळवावी, सर्वांचं स्वागत आहे, असं त्यांच्याच पानावर लिहिलेलं.

त्या कोडची समजूत अशी की एक फोन नंबर म्हणजे एक माणूस.

आमच्याकडे एक नंबर म्हणजे एक घर. फोन पुरुषाच्या खिशात, पुरुष बाजारात. सासू, सुना, नणंद, सगळ्या तोच नंबर सांगतात. एखादी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा सांगते, दुकानदार निरोप देतो म्हणून. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

शबाना आणि नसरीन सख्ख्या जावा. दोघींचे नवरे गाद्या भरतात. घरात फोन एक. शबानाला पाचवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणात एका इंजेक्शनाची तिला जबर रिअॅक्शन आली होती. तिच्या नोंदीत मी ते लाल अक्षरांत लिहिलं होतं. मग एकदा नसरीन खोकल्यासाठी आली. नंबर तोच दिला. कोडने मानलं, बाई तीच आहे, नाव बदललंय. शबानाच्या नोंदीवर नसरीनची नोंद बसली. लाल ओळ गेली. कसलाही इशारा नाही.

पुढे शबाना पायाची जखम चिघळली म्हणून आली. सिस्टरने इंजेक्शन भरलं.

"हे कोनतं हाये वं?" शबानाने विचारलं. नाव ऐकलं आणि ती स्टुलावरून उठलीच. "माय वं! याच्यानंच तं मरता मरता वाचली मी. ताईले सांगतलं होतं न!"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे. तिथे नसरीन होती, आणि तिचा खोकला.

त्याच दुपारी मी कोड लिहिणाऱ्यांना चुकीचा रिपोर्ट पाठवला. तोडक्या इंग्रजीत, पण नीट. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. उत्तर आलं की हा दोष नाही, रचनाच अशी आहे. रिपोर्ट बंद. मी पुन्हा लिहिलं, इंजेक्शनाचं सांगितलं. उत्तर आलं की तुमच्या पेशंटना स्वतःचे फोन घ्यायला सांगा. बंद. खाली हसणारे पिवळे चेहरे. म्हणून मी त्यांच्या मदतीच्या ऑनलाइन बैठकीत गेले. तिथे काय झालं ते सांगितलंच.

ते फुकट राबतात, मान्य. मीही त्यांची चूक फुकटच शोधून दिली होती.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, नंबरचा शेवटचा आकडा बदलून टाका प्रत्येकीचा. झालं." तेही केलं. मग तपासणीच्या तारखांचे मेसेज भलतीकडेच गेले. एका अनोळखी माणसाचा फोन आला, "मले काहून सांगून राह्यले बाळंतपनाची तारीख?" शबानाला मात्र तारीख कळलीच नाही.

ती आली तेव्हा तपासणी टळून गेली होती. काउंटरवर हात टेकून उभी राहिली.

"ताई, आज कोन हाये मी? शबाना का नसरीन?"

मागच्या बायका हसल्या.

"नसरीन असंन तं तिच्या खोकल्याचं औषध बी मीच घेऊन जातो."

तीही हसली. मग हसणं थांबलं. "खरं सांगू? तुमच्या मशीनवर भरोसा नाही राह्यला आता."

त्यानंतर ती आली नाही. नसरीनला विचारलं तर म्हणाली, "घरीच हाये." कुठे दाखवते, दाखवते की नाही, मला माहीत नाही.

नसरीन गेली आणि मी खुर्ची पुढे ओढली. बंद रिपोर्टखाली मराठीत लिहिलं, "एका नंबरवर दोन बायका असतात. तुमच्या कोडने एकीला पुसलं. हा दोष आहे." त्यांनी ते काढून टाकलं. इंग्रजीत लिहा म्हणाले. मी तेच इंग्रजीत लिहिलं आणि खाली पुन्हा मराठीत. सॉरी लिहिलं नाही. थँक यू लिहिलं नाही.

मग त्या कोडची आमच्यापुरती वेगळी प्रत केली. नंबर जुळला तरी नाव-वय विचारल्याशिवाय जुनी नोंद हलवायची नाही, एवढं त्यात घातलं. चालतं. पण त्यांची नवी आवृत्ती घेतली की माझी दुरुस्ती जाते, परत घालावी लागते. नाही घेतली तर जुन्या चुका आमच्या गळ्यात. माझ्यानंतर या खुर्चीवर बसणारीला हे जमेल का, ठाऊक नाही. हाच कोड दुसऱ्या कुठल्या गावात कुणाला पुसतोय, तेही नाही. शबाना तर दवाखान्याला दुरावलीच.

ते बदलतील असं मला वाटत नाही. तरी प्रत्येक नव्या आवृत्तीला मी तोच रिपोर्ट टाकते. ते बंद करतात. मी पुन्हा टाकते. गाव आणि जिल्हा आता पहिल्याच ओळीत असतात. वाशीम कुठे आलं ते त्यांनी शोधावं.

इंजिनिअर मुलगा माझ्या घरात नाही. समोर मीच बसणार आहे.