रात्रीचा रकाना

वहिनीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, गाळणी माझ्या हातात तशीच होती... एकलहऱ्याला दादाच्या घरी पोचले तर शेजारची माणसं अंगणात जमलेली. दादा झोपेतच गेला होता. मेंदूत रक्तस्राव झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले. याला आता सात आठवडे झाले.

दादा, माझा थोरला भाऊ, औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस. दर तासाला बॉयलरचा दाब बघायचा आणि तक्त्यात लिहायचा. निवृत्तीनंतर बॉयलर सुटला, तक्ता काही सुटला नाही. बीपीची गोळी सुरू झाली तशी त्याने वहीत पट्टीने रेघा मारून चार रकाने आखले : सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. पहिल्या तिन्हींत आकडे, तेही चांगले. रात्रीच्या रकान्यात मात्र न मोजताच लिहायचा, 'लोड कमी'. मी एकदा हटकलं तर हसला. "अगं, गावं झोपली की केंद्रावरचा लोड उतरतो. माणसाचंही तेच. झोपलेल्याचं काय मोजायचं?" त्याच्याशी वाद घालून आमच्या घरात कुणी जिंकलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या रक्तात होमोसिस्टिन, म्हणजे वाढलं की रक्तवाहिन्यांना त्रास देणारं द्रव्य, फार वाढलेलं निघालं. बी-ट्वेल्व्ह कमी होतं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं लिहून दिली आणि म्हणाल्या, "काका, झोपेत दाब उतरायला हवा. काहींचा उतरत नाही. हे वाढलेलं दिसलं की मला जास्त शंका येते. चोवीस तास दाब मोजणारं यंत्र लावून बघू." दवाखाना नाशिकरोडला, माझ्या घराजवळ, म्हणून तो माझ्याकडेच मुक्कामाला आला. दंडाला पट्टा, कमरेला डबी. जेवताना पट्टा फुगला की दादा हातातला घास घेऊन थांबायचा. अंथरुणावर पडल्यावर सारखा कूस बदलायला लागला, तेव्हा मला त्याची दया आली. "काढून टाक रे," मी म्हणाले. "दिवसाचं तर आलंय सगळं. रात्री तुझा लोड कमीच असतो ना?" त्याचंच वाक्य ऐकून स्वारी खूश झाली. पट्टा मी माझ्या हाताने सोडला.

सकाळी डॉक्टरीणबाई चिडल्या. "अहो, मला रात्रच तर बघायची होती!" यंत्र पुन्हा लावायचं ठरलं. मग नातवाचं जावळ निघालं, लग्नसराई आली, आणि दिवसाचे आकडे तर चांगलेच येत होते...

दिवसकार्य उरकल्यावर वहिनीने ती वही मला दिली. शेवटच्या ओळीत तीन आकडे आहेत आणि चौथ्या रकान्यात त्याच्या टपोऱ्या अक्षरात, 'लोड कमी'. त्याच रात्री तो गेला. मला कुणी दोष देत नाही, वहिनीसुद्धा नाही. मी देते.

भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. माझंही होमोसिस्टिन वाढलेलं निघालं. आज दुपारपासून तसंच यंत्र माझ्या दंडाला आहे. आता दिवेलागण झालीय. "आई, झोपताना काढून ठेव की, किती आवळतंय ते," लेक मायेनेच म्हणाली, आणि मी तिच्यावर ओरडले. दादाची वही उशाशी घेतलीय. त्याच्या ओळीखाली माझी ओळ आखलीय. चौथा रकाना कोरा सोडलाय.