मागे दडलेला प्रश्न

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे सायंटिस्ट म्हणायचे. डॉक्टर तेवढे काहीच म्हणायचे नाहीत, कारण प्रोग्राम बंद पडल्याशिवाय हा माणूस इमारतीत आहे हेच त्यांना आठवायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी नमुन्यांच्या नोंदणीचा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता, जिन्याखालच्या खोलीत, डोकं वाकवून. आता तर सरळ उभं राहायला जागा असली तरी तो मान वाकवूनच असायचा.

तर त्या प्रोग्रामला एक खोड होती. नोंदणीच्या टेबलावर बसायच्या मावशी. कुणाच्या सख्ख्या नव्हत्या, पण साऱ्या इमारतीच्या मावशी. त्यांनी नाव टाइप केलं आणि त्याच नावाचा माणूस आधी येऊन गेलेला असला, की पडद्यावर एक छोटी खिडकी उघडायची आणि विचारायची, "हाच माणूस का? होय की नाही?" कारण एकदा सारख्या नावाच्या दोघांचे अहवाल बदलले होते आणि एक धडधाकट गडी आठवडाभर अंथरुणात पडून सगळ्यांचा निरोप घेत होता. तेव्हापासून सायंटिस्टने नियमच घातला, की उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रामने पाऊल पुढे टाकायचं नाही.

नियम चोख होता. पण ती छोटी खिडकी अधूनमधून मोठ्या खिडकीच्या मागे जाऊन बसायची. प्रश्न मागे, कुलूप पुढे. मावशी कळा बडवून बडवून थकायच्या.

"अहो सायंटिस्ट, तुमचं बाळ परत रुसलं!"

"रुसलं नाही हो मावशी. प्रश्न विचारलाय त्याने, उत्तराची वाट बघतंय."

"मग तोंड दाखवून विचारायला काय झालं? दाराआड उभं राहून कुणी प्रश्न विचारतं का?"

अकरा वर्षं हेच चाललं होतं.

मग प्रयोगशाळेला नव्या प्रमुख बाई आल्या. मितभाषी. त्यांनी सायंटिस्टला उभ्यानेच सांगितलं, "मंगळवारी सकाळी माझ्यासमोर चालवून दाखवा. अडकला, तर बाहेरचा प्रोग्राम येईल. तो तयारच आहे." मग सायंटिस्टला कुठे पाठवायचं हे त्यांनी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पन्नाशी उलटलेली, हयातीत एकच काम केलेलं, आणि ते हे.

त्याने सुट्टीचे दोन्ही दिवस घरच्या मशीनवर घालवले. रोग त्याला पहिल्याच तासात सापडला. प्रोग्राम लिहिताना प्रत्येक छोट्या खिडकीला तिचा पालक सांगून ठेवावा लागतो, म्हणजे तू या मोठ्या खिडकीची, हिच्या पुढेच राहायचं, ही मिटली की तूही मिटायचं. तेव्हाच्या घाईत त्याने ती जागा सगळीकडे मोकळी सोडली होती. एकतीस ठिकाणी! बायको चहा ठेवून गेली, निवलेला उचलून नेला, दुसरा ठेवून गेली.

एकतीस ठिकाणी प्रत्येकीचा पालक वेगळा शोधत बसण्याऐवजी त्याने एक युक्ती केली. त्या क्षणी जी खिडकी सगळ्यात पुढे असेल, तीच पालक. वीसेक खोटी नावं घालून त्याने पन्नास वेळा चालवून पाहिलं. प्रश्न दर वेळी टुणकन पुढे.

"आलं बघ!" तो स्वयंपाकघराकडे ओरडला.

"कोण आलं?" बायकोने विचारलं आणि दार उघडायला गेली.

मंगळवारी टेबलाभोवती गर्दी झाली. मावशी केस चापून बसवून आल्या होत्या. बाईंनी एका जुन्या रुग्णाचं नाव दिलं. मावशींनी ते एकेक अक्षर टाइप केलं, शेवटची कळ दाबली आणि सायंटिस्टकडे बघून हसल्या.

आता इथे काय झालं पाहा. घरी वीस नावं होती, शोध पापणी लवायच्या आत संपायचा. इथे अकरा वर्षांची नावं. शोधायला वेळ लागला, म्हणून प्रोग्रामने आधी "कृपया थांबा" अशी एक चिमुकली खिडकी पुढे आणली. तेवढ्यात नाव सापडलं, प्रश्न उघडला. पुढे कोण होतं? "कृपया थांबा". तीच त्याची पालक ठरली. शोध संपला तशी ती मिटली, आणि जाताना प्रश्नालाही घेऊन गेली. आता तो मागेही नव्हता, कुठेच नव्हता. आणि प्रोग्राम मात्र उत्तराची वाट बघत ठाम उभा.

सायंटिस्टला अर्ध्या मिनिटात सगळं कळलं.

"मशीन बंद करून परत लावा," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "याने दोन दिवस खपून केलंय. विचारेल तो. आत्ता विचारेल." आणि त्या हाताची घडी घालून बसल्या. मागे रांगेतली माणसं खोकत होती. बाई थांबल्या, त्यांनीही घाई केली नाही. चार मिनिटं गेली.

शेवटी सायंटिस्टच म्हणाला, "मावशी, उठा. नाही विचारणार तो."

बाई मान हलवून निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी घरी जाऊन त्याने चूक सुधारली. एक ओळ, दहा मिनिटांचं काम. यावेळी अकरा वर्षांची नावं घालून पाहिलं, प्रश्न पुढेच राहिला. तो पेनड्राइव्ह खिशात घालून बुधवारी सकाळी नोंदणीत गेला. टेबलावर नवं मशीन होतं. शिकवायला आलेला माणूस मावशींच्या बोटाला धरून कळा दाखवत होता आणि मावशी मान खाली घालून शिकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही जड गेलं असतं.

सायंटिस्टला भांडारात बसवलं होतं, काचनळ्यांची खोकी मोजायला. खिशातली वस्तू त्याने कुणाला दाखवली नाही. दाखवून करणार काय? त्याने पहिलं खोकं पुढे ओढलं आणि मोजायला लागला.