राजकुमारची लार्ज सायकल

राजकुमार तुमसरच्या धान्य बाजारात दलाली करतो. वय पन्नाशीला टेकलेलं. आवाज मोठा, सही मोठी, गाडीचा हॉर्न त्याहून मोठा. मी त्याच बाजारात हमाली केली. आता बंद केली. हमालाला लोक भिंतीसारखं समजतात आणि त्याच्यासमोर सगळं बोलतात. शिवाय माझं गाव करडी, आणि राजकुमारची सासुरवाडीही करडीच. त्यामुळे त्याची हकीकत मला दोन्हीकडून ठाऊक आहे.

सुरुवात लग्नापासून करावी लागेल. सोयरीक जुळवली बाजारातल्याच पुंडलिकरावांनी. मुलगी दीपमाला, उंची पाच फूट सात इंच. त्या घरात सगळेच लांब. तिचा भाऊ अमर आजही दारातून वाकून निघतो. वडील तुलारामजींनी हुंड्याचं, दागिन्यांचं काही काढलं नाही. एकच अट घातली, मुलगा मुलीपेक्षा उंच पाहिजे. राजकुमार पाच-सहा. पुंडलिकरावांनी बैठकीत सांगितलं, पाच-आठ. धान्याच्या धंद्यात याला खोटं म्हणत नाहीत. आमच्याकडे पायली शिगेनंच, म्हणजे काठावर ढीग चढवूनच भरतात, काठोकाठ मोजून देणाऱ्याला कंजूष म्हणतात. पुंडलिकरावांनी मुलाच्या उंचीवर दोन इंचांची शीग चढवली, एवढंच.

शीग चढवणं सोपं असतं. ती जन्मभर सांडू न देणं कठीण. मी पोती वाहिली, पण पोतं थप्पीला लावलं की पाठीवरून उतरतं. राजकुमारचं ओझं कधी उतरलंच नाही. बाहेर जाड तळाचे बूट, घरात जाड तळाच्या चपला. फोटो काढताना दीपमालाला खुर्चीत बसवायचं आणि आपण मागे उभं राहायचं. दोघांनाही उभं राहावं लागलं तर हा पायरी शोधायचा. लग्नकार्यात बायकोच्या बरोबरीनं चालायचा नाही, चार पावलं पुढे असायचा. लोक म्हणत, जुन्या वळणाचा माणूस आहे. कशाचं वळण? पाच-सहा ही चांगली उंची आहे. माझी त्याहून कमी आहे आणि माझं कधी काही अडलं नाही.

मागच्या वर्षी त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गुडघे बरे नाहीत तर चालू नका, सायकल चालवा. साधी सायकल घेतली असती तर काम झालं असतं. पण त्याच दिवसांत नागपूरची काही मंडळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या काठानं सायकली घेऊन आली होती. रस्ता मुरमाचा. सायकलींचं हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर जाडसर. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला. राजकुमारनं पाहिली आणि ठरवलं. ठरवून थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं अमरला फोन लावला.

“यंदा करडीच्या मंडईले सायकलीनं येतो.”

“सायकलीनं? भाऊजी, रस्त्यात पंक्चर झालं तर खाटेवर आणाले येऊ का?”

“तू पाय धुवाले पाणी काढून ठेव फक्त.”

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या गावोगावी भरणारी जत्रा. दिवसा बाजार, रात्री दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, आणि घरोघरी पाव्हणे. तिथे जावई कसा आला, कशावर आला, हे वर्षभर चघळलं जातं. राजकुमारनं तिथेच शब्द देऊन ठेवला.

नागपूरच्या दुकानाशी बोलणं झालं तेव्हा मी बाजारातच बसलो होतो. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला होता. मोठी खरेदी तो नेहमी स्पीकरवर करतो.

“सर, उंची किती?” दुकानदारानं विचारलं.

“पाच-आठ.”

“पाच-आठ म्हणजे तुमी मधात येऊन राहिले. मीडियमही चालन, लार्जही चालन. पायाचं आतलं माप घेऊन घ्या ना सर. भिंतीले पाठ लावा, बूट काढा, पायात पुस्तक धरा, अन् घरच्याईले टेप धराले सांगा.”

घरात दोनच माणसं. टेप धरणार कोण, तर दीपमाला. तेही बूट काढून.

“मापाची गरज नाही,” राजकुमार म्हणाला. “माप हा आपला धंदाच आहे.”

“मंग मीडियम घ्या सर. मधात असलं का लहान घ्यावी. लहान फ्रेम सीट चढवून, हँडल पुढे सरकवून वाढवता येते. मोठी काही लहान होत नाही.”

राजकुमार हसला. “भाऊ, आमच्या बाजारात उलटं असते. जास्त आलं तर काढता येते. कमी आलं तर कुठून भरू? दोघीचा भाव काय?”

“भाव एकच.”

“मंग मीडियम कोण घेते? लार्ज पाठव.” माझ्याकडे वळून म्हणाला, “बरोबर ना, सुखरामभाऊ?”

मी बरोबर म्हणालो. मलाही तसंच वाटलं. एकाच भावात जास्त लोखंड मिळत असेल तर सोडायचं कशाला. ते लोखंड नव्हतंच, ॲल्युमिनियम होतं, हे नंतर कळलं.

सायकल आली. सीट जाईल तेवढी खाली दाबली. राजकुमार बूट घालून तिच्यावर चढला, तेव्हा पायाची बोटं कशीबशी टेकली. सीटवरून पुढे उतरून उभा राहिला तर वरचा दांडा नको तिथे लागला. त्यानं टायर दाबून पाहिले. पुरुष अशा वेळी बोलत नाहीत.

मग रोज सकाळी तो दिसू लागला. हात पुढे ताठ, मान वर, कंबर डावी-उजवीकडे डुलते आहे. पाहणाऱ्याला वाटावं, हा सायकल चालवत नाही, पळून जाणारी म्हैस धरून ठेवतो आहे. निम्मी ताकद पेडलला, निम्मी नुसतं हँडलपर्यंत पोचायला. वाया जाणारे श्रम पाहिले की मला चीड येते. पण त्याची खरी अडचण चालवण्याची नव्हती, थांबण्याची होती. थांबायचं तर पाय टेकवायला काहीतरी उंच पाहिजे. पुलाचा कठडा, दुकानाची पायरी, मुरमाचा ढीग. जिथे हे नाही तिथे तो थांबायचाच नाही. लोक हाका मारत, हा मान हलवून पुढे. लोक म्हणू लागले, राजूभाऊले माज चढला.

रेल्वे फाटकाजवळ बाबुलालचं चहाचं दुकान आहे. एक दिवस बाबुलालनं आवाज दिला, “राजूभाऊ, चाय घेऊन जा ना.”

“टाइम नाही,” राजकुमार जाता जाता म्हणाला.

बाबुलाल मला म्हणाला, “काल नहराचा कठडा धरून कितीक वेळ उभा होता, तेव्हा होता टाइम.”

पुढच्याच आठवड्यात फाटकानं त्याला धरलं. गाडी येत होती, फाटक पडलं. पुढे धानाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर, मागे मोटारसायकली, आजूबाजूला ना कठडा ना पायरी. राजकुमारनं ट्रॉलीचा काठ धरला. शहाणपणाचं काम केलं. गाडी गेली, फाटक उघडलं, ट्रॅक्टर चालू झाला. राजकुमारनं काठ सोडला नाही. सोडला असता तर तिथल्या तिथे पडला असता. म्हणून रूळ ओलांडून पलीकडे जाऊन पडला. सगळ्या फाटकानं पाहिलं. ट्रॅक्टरवाल्यानं मात्र पाहिलं नाही, तो निघून गेला.

मी आणि बाबुलालनं त्याला घरी आणलं. कोपर सोलून निघालं होतं. मनगटं तर आधीपासूनच बधिर होती, हे त्यानं तेव्हा सांगितलं. बाबुलाल दुकानावर परत गेला. दीपमाला जखम धूत होती.

“अजी, वापस करून टाका ते. मंडईले मोटारसायकलीनं जाऊ.”

“मोटारसायकलीनं तर सारेच येतेत.”

त्यानं दुकानात फोन लावला. दुकानदार चांगला माणूस होता. म्हणाला, सायकल एकदा बदलून देतो, पण आता अंदाजानं नाही. बूट काढून उंची, पायाचं माप, भिंतीशी उभं राहिलेला फोटो, सगळं पाठवा.

राजकुमार फोन हातात धरून बसला. लार्ज ठेवली तर करडीला पोचत नाही. मीडियम घ्यायची तर दीपमालाच्या हातात टेप द्यावा लागतो. मंडई तोंडावर आली होती. इतकी मेहनत करून सांभाळलेले दोन इंच आणि सासुरवाडीला दिलेला शब्द, दोन्हींतलं एकच हाती राहणार होतं.

दीपमालानं शिवणाच्या डब्यातून टेप काढला. “उभे राहा भिंतीले.”

“सुखरामभाऊ धरन टेप.”

मी म्हणालो, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता. नवराबायकोच्या मापात तिसऱ्यानं पडू नये.

राजकुमार उभा राहिला. बूट काढताना त्यानं जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी एक ट्रक रिकामा केला असता.

“टाच खाली,” दीपमाला म्हणाली.

“खालीच आहे.”

“मंग टाचेखाली माहा हात कसा जाऊन राहिला?”

टाच खाली आली. तिनं डोक्यावर पाटी टेकवली, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, टेप लावला. पाच-सहा. वर अर्ध्या बोटाचीही शीग नाही.

मग राजकुमार म्हणाला, “वयानं माणूस खचते.”

“हो. तुमी तर वरमालेच्या वक्तीच खचले होते. मले हात वर कराच लागला नाही.”

“तवापासून माहीत होतं?”

“नाही तं का.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी एवढी मेहनत करून राहिले होते. मधात कायले बोलू?” तिनं टेप गुंडाळला. “अन् मी सपाट चपला घालून राहिली इतके वर्षं, ते का मले आवडते म्हणून? अर्धी शीग तं मीच धरून होती.”

मला तिथून उठायचं होतं, पण उठलो असतो तर जास्त वाईट दिसलं असतं. राजकुमार भिंतीवरच्या खुणेकडे पाहत होता. पाहून झाल्यावर एवढंच म्हणाला, “अमरले सांगजो नको. अन् तुह्या बाबूजीले तं नकोच.”

“मी कायले सांगू. मी त्याईचीच पोरगी आहो, त्याईले वाईट कायले वाटू देऊ. फसले ते फसले.”

मीडियम सायकल आली. सीट थोडी चढवावी लागली, बाकी काही करावं लागलं नाही. राजकुमार तिच्यावर बसला आणि निवांत चालवू लागला. मान वळवून लोकांशी बोलायला लागला, जागोजागी थांबायला लागला. बाबुलालकडे चहा प्यायला. बिनसाखरेचा. बाजारात बातमी झाली की राजूभाऊचा माज उतरला.

मंडईच्या दिवशी मी आणि दीपमाला ऑटोनं करडीला आधीच पोचलो. अंगणात तुलारामजी खाटेवर बसले होते, अमर पाव्हण्यांना पाणी देत होता. दुपार व्हायच्या आत राजकुमार आला. मुरमाच्या धुळीनं लाल, पण सरळ बसलेला. अंगणाच्या मधोमध थांबला आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून मोकळा उभा राहिला. सगळ्यांनी पाहिलं. शब्द पाळला होता.

अमर पुढे आला. त्यानं सायकल पाहिली, मग राजकुमारला पाहिलं, मग सीटखालची चिकटपट्टी वाचली. दुकानात पहिला फोन केला त्याच दिवशी राजकुमारनं त्याला लार्ज घेतल्याचं सांगून टाकलं होतं.

“भाऊजी, याच्यावर एम लिहून आहे. एम म्हणजे मीडियम ना? तुमी तं लार्ज सांगितली होती.”

खाटेवर तुलारामजींनी मान वर केली. अट त्यांनीच घातली होती.

राजकुमारनं रुमाल काढला, तोंड पुसलं, चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाला, “कंपनीनं मापं बदलवले आता. पहिलेच्या लार्जलेच आता मीडियम म्हणतेत.”

“असं का,” अमर म्हणाला.

तुलारामजींनी विचार केला. “होते तसं,” ते म्हणाले. “माह्या अंगातल्या बंडीचंही तसंच झालं. त्याच मापाची आणली तं पोटावर बसून नाही राहिली.”

राजकुमारनं सासऱ्याकडे ज्या आदरानं पाहिलं, तसं पाहताना मी त्याला आजपर्यंत पाहिलं नव्हतं. सोडवणूक झाली होती. तरी पाय टाकून उतरण्याऐवजी तो सायकलवरच छाती काढून उभा होता, अमरच्या खांद्यापर्यंत पोचायला पाहत. टाचा पुन्हा वर गेल्या होत्या.

दीपमाला ओसरीवरून म्हणाली, “अमर, खुर्ची दे त्याईले पहिले. लय वर्षं झाले, ताणून उभे आहेत.”

अमरनं खुर्ची आणली. राजकुमार बसला.