मस्कतहून एक तारखेला

गंगापूर रोडवरच्या बँकेत ती मला एकदाच भेटली. मी तेव्हा दुबईत नोकरीला होतो आणि सुट्टीवर नाशिकला आलो होतो. आईचं पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा होतो आणि रांग हलत नाही म्हणून वैतागलो होतो. पुढे ती होती. साठीची, झेंडू खुडून बोटं हिरवी पडलेली. क्लार्कनं पासबुक छापून दिलं, तसं तिनं ते माझ्यापुढे धरलं.

"दादा, वाच ना. मस्कतचं आलं का?"

"आलेत, मावशी. एक तारखेलाच."

तिनं त्या ओळीवर अख्खा तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. मग पासबुक दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं. पैसे काढलेच नाहीत.

"मुलगा अगदी वेळेवर पाठवतो," मी म्हणालो.

"त्यो दिवाळीत गेला. पेटीत घालून आणला." आवाज जराही हलला नाही. "तिथल्या बँकेला त्यानं सांगून ठेवलं व्हतं, दर महिन्याला आपोआप पाठवा म्हणून. त्यांला अजून कोणी कळवलं नाय. तू बी कळवू नको."

ती निघून गेली. मागच्यानं मला ढकललं, तरी मी जागचा हललो नाही.

दुबईच्या बँकेला मीही हेच सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून माझे फोन कमी झाले होते. आईची तक्रार नव्हती. म्हणायची, "पैसे आले की मला कळतं, तू बरा आहेस."