ओ न दिलेली सकाळ

मला पळायची आवड होती असं कोणी म्हटलं की राग येतो. कसली आवड! सगळी भीती होती. पोलीस भरतीत तेव्हा मुलींना तीन किलोमीटर पळावं लागायचं आणि दोन भरत्यांत मी पोटात कळ आली म्हणून मैदानातच खाली बसले होते, सगळ्यांच्या देखत. आता माझ्या वयात बसणारी ही शेवटची भरती. हुकली तर याच उन्हाळ्यात लग्न, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं.

आमचं गाव आरमोरीच्या अलीकडे, जंगलातून जाणाऱ्या रस्त्याला लागून. त्याच रस्त्यावर मी पहाटे पळायचा सराव सुरू केला. पहिले चार दिवस भाऊ सायकल घेऊन माझ्या मागं आला, पाचव्या दिवशी त्याला झोप प्यारी झाली. दिवस मोहफुलांचे. पहाटे फुलं पडतात, माणसं ती वेचायला येतात आणि त्याच वासावर अस्वलंही येतात. आठच दिवसांपूर्वी शेजारच्या गावातल्या एकाची मांडी अस्वलानं फाडली होती. कडेला पाला वाजला की मी रस्त्याच्या मधोमध येऊन पळायचे.

वेचणाऱ्या बायका झाडांआड एकमेकींना दिसत नाहीत, म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक मारतात. ऐकणारीनं ओ द्यायची. आवाजानं अस्वल बिचकतं, आणि कोण कुठं आहे तेही कळतं. त्यातल्या एका म्हातारीनं पहिल्या दिवशी मला ओरडून विचारलं, "कोण वं? काऊन पळून राह्यली? कोण लागलं मागं?"

"कोणी नाई, बाई! भरती हाय!"

तेव्हापासून माझी पावलं वाजली की तिची हाक यायची, "पोरीऽऽ!" मी "ओऽऽ" केलं की वर हुकूम, "पाय उचल!" आणि खरं सांगते, त्या हाकेनं छातीतली धडधड जरा कमी व्हायची.

भरतीला आठ दिवस राहिले आणि माझी वेळ काही केल्या सुधारेना. वडिलांचं घड्याळ मनगटावर होतं, त्याच्याकडे बघून नुसता संताप यायचा. त्या सकाळी हाक आली तेव्हा मनात म्हटलं, ओ देण्यात दम जातो, नाही देत जा! दुसरी हाक आली, तिसरी आली. मी दात आवळून पळत राहिले. पुढच्या पुलाशी तीच मेली कळ आली आणि मी कठड्यावर बसले. संपलं सगळं. घरी जाऊन वडिलांना सांगावं, ठरवा लग्न.

तेवढ्यात मागून कोणीतरी धावत येत असल्याचा आवाज आला. अस्वलच, म्हणून मी कठडा घट्ट धरला. बघते तर म्हातारी! अनवाणी, पदर खांद्यावरून सुटलेला, हातात काठी.

"जित्ती हाय ना?" तिला धड बोलताही येत नव्हतं. "ओ काऊन नाई दिली?"

"दम जाते म्हणून, बाई."

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग विचारलं, "अन् बसली काऊन?"

"कळ आली. नाई होत माझ्यानं."

"मी बुढी इथवर पळत आली, अन् तुले कळ येते? ऊठ!"

उठले. परतीच्या वाटेवर ती मागून चालत ओरडत राहिली आणि मी कळ घेऊनच पळाले. तिच्या झाडापाशी आले तर टोपली उपडी आणि दोन गाई तिची सकाळभराची फुलं खात उभ्या. मी त्यांना हाकललं, पण टोपलीत मूठभरही उरली नव्हती. ती आल्यावर मला तोंड वर करवेना. ती गाईंच्या मालकाला शिव्या घालत बसली, मला एका शब्दानं बोलली नाही.

भरतीच्या दिवशीही कळ आली. बसले नाही. यादीत नाव लागलं ते सांगायला मी आधी तिच्या घरी गेले. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. बरेच दिवस मनात होतं ते विचारून टाकलं, "बाई, त्या दिवशी खरंच अस्वल असतं तर तुमी काय करणार होत्या?"

"काय करणार? मले का अस्वल मारता येते?" ती फुलं पसरत म्हणाली. "पण तू एकटी नसती राह्यली."