डॉक्टरसाहेबांच्या गाडीचे ओरडणारे ब्रेक

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आमच्या गावात, आसगावात, असा पक्का समज आहे, की मोटारपंप, मिक्सर, शिलाई मशीन, जे म्हणून फिरतं ते मला दुरुस्त करता येतं. येत नाही म्हटलं की लोक विचारतात, "मंग तू तिकडे काय शिकून राहिला?" मग मी मुकाट्याने पाना मागून घेतो. म्हणून भंडाऱ्यात, जिथे मी शिकायला राहतो, माझे घरमालक जेव्हा म्हणाले, "इंजिनिअर, गाडीले ब्रेक पॅड कोणते घेऊ ते तूच सांग," तेव्हा मी सवयीने म्हणालो, "बघतो जी."

घरमालक दातांचे डॉक्टर आहेत. खाली दवाखाना, वर ते आणि काकू, गच्चीवरच्या खोलीत मी. अंगणात कव्हरखाली त्यांची निळी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार असते. काकू तिला धाकटी सून म्हणतात, कारण ती कामाला हात लावत नाही आणि तिचं मात्र सगळ्यांनी करायचं. अधूनमधून डॉक्टर ती घेऊन दक्षिणेतल्या एका रेसिंग ट्रॅकवर जातात. तिथे फी भरली की दिवसभर आपली गाडी हवी तशी पळवता येते.

डॉक्टरांनी मला का विचारलं, ते त्यांनी दवाखान्याचं दार लावून सांगितलं. मागच्या खेपेला एका वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. ती सरळ कडेच्या खडीत जाऊन रुतली. लागलं काही नाही. "पण काकूले बोलू नको," ते म्हणाले. दिवसभर लोकांना 'घाबरायचं नाही' असं सांगणारा माणूस काकूंचं नाव घेताना आवाज उतरवतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी भीतभीत एकच प्रश्न विचारला. पेडल मऊ होऊन खाली गेलं, की कडक राहिलं? मऊ झालं असतं तर दोष ब्रेक ऑइलचा. "दगडासारखं कडक," ते म्हणाले. म्हणजे दोष पॅडचाच, चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचा. तापून तापून त्यांची पकड गेली होती. एवढं बरोबर सांगितल्यामुळे डॉक्टरांचा माझ्यावरचा विश्वास नको तितका वाढला आणि माझी झोप उडाली. मी चुकीचे पॅड सांगितले, तर पुढच्या वेळी खडीच असेल असं थोडंच आहे? भिंतही असू शकते.

त्या रविवारी गावी गेलो तेव्हा बाबांना हे सांगितलं.

"गाडी जाते कुठं पण?" बाबांनी विचारलं.

"कुठंच नाही. फिरून फिरून तिथंच येते."

"बक्षीस?"

"नाही जी."

"पटात जोडीले निदान बक्षीस तरी भेटते." आमच्या भागात शंकरपट भरतो, बैलजोड्यांची शर्यत. सुसाट सुटलेली जोडी शेवटी अडवायला पुढे माणसं उभी असतात. बाबाही त्यांच्यात उभे राहिलेले आहेत. "तिकडे कोन अडवते?"

"ब्रेक."

"आन् ब्रेकचं कोन पाहून राहिला?"

"मी."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग डॉक्टरसाहेबाले सांग, हळू चालवा म्हनाव."

भंडाऱ्यात परतल्यावर मी वाचत बसलो. वाचून कळलं ते एवढंच, की सगळ्या गुणांचा पॅड मिळत नाही. रोजच्या वापराचा पॅड थंड असताना चांगला धरतो, गुपचूप राहतो, पण ट्रॅकवर तापला की हात टेकतो. शुद्ध शर्यतीचा पॅड कितीही तापला तरी धरतो, पण थंड असताना धरत नाही. सकाळी अंगणातून निघालेली गाडी त्यावर गांधी चौकात थांबेलच असं नाही. आणि मधला एक प्रकार असतो. तो थंडही बऱ्यापैकी धरतो, तापल्यावरही सोडत नाही. फक्त काळी धूळ उडवतो आणि ओरडतो. डॉक्टर त्याच गाडीने इथून ट्रॅकपर्यंत जाणार, म्हणून मी मधला निवडला. "बहुतेक हाच बरोबर आहे जी," असं सांगितलं. 'बहुतेक' हे माझं पालुपद आहे. आणखी भात वाढू का विचारलं तरी मी 'बहुतेक' म्हणतो, असं काकू पाहुण्यांना सांगतात.

पॅड कुरिअरने आले, मिस्त्रीने बसवले. मग ते मुरवायचे होते, म्हणजे डिस्कवर नीट घासून बसवायचे होते. त्यासाठी वेग घेऊन जोरात ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं बरेचदा करावं लागतं. आम्ही पहाटे रिकाम्या रस्त्यावर ते करत असताना सायकलवरून जाणारे एक काका उतरून उभेच राहिले. आम्ही वळून आलो तेव्हा म्हणाले, "शिकून राहिले काय जी? येऊन जाईल हळूहळू."

ट्रॅकआधी सवय व्हावी म्हणून डॉक्टर रोज दुपारी गाडी गावातून फिरवून आणू लागले, आणि पॅड ओरडू लागले. ओरडतील हे मला माहीत होतं, पण असे? पितळेच्या भांड्यावर कानस घासावी तसा तो आवाज. चौकातल्या स्टँडवरचे ऑटोवाले दादा रोज डॉक्टरांना हात करून थांबवत आणि आपुलकीने सांगत, "लायनर घासले साहेब. बदलून घ्या, नाहीतर डिस्क खाऊन टाकन." नवेच आहेत म्हटलं तर हसत. "नवे? कोनी देल्ले जी?" डॉक्टर माझं नाव सांगत. मी कॉलेजला दुसऱ्या गल्लीने जाऊ लागलो.

काकूंचा मुद्दा वेगळा होता. डॉक्टर दुपारी परत येताना फाटकाशी ब्रेक दाबत, तेव्हा बाकड्यावर बसलेले पेशंट दोन्ही हातांनी जबडा धरत. एका बाईंनी तर विचारलं, "आत कोनाची दाढ काढून राहिले?" डॉक्टर तर बाहेर, गाडीत होते. त्या बाई नंतर आल्या नाहीत.

ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला अंगणात बोलावलं. डॉक्टर बाजूला उभे होते, मान खाली. जुने पॅड पुसून पायरीवर ठेवलेले होते.

"मिस्त्रीले फोन केला मी," काकू म्हणाल्या. "हे जुने लावून घ्या. काहून रे, तुले काही हरकत नाही ना?"

"नाही म्हणजे..." मी म्हणालो.

"बहुतेक," काकूंनीच वाक्य पुरं केलं.

डॉक्टर माझ्याकडे बघेनात. मी त्या जुन्या पॅडकडे पाहिलं. पट्टी कडेने पांढुरकी पडली होती, तिच्यावर बारीक भेगा होत्या. माझ्या तोंडून निघालं, "नाही काकू. हे लावायचे नाहीत. मागच्या वेळी यांच्यामुळेच गाडी खडीत गेली."

डॉक्टरांनी डोळे मिटले, सुई टोचताना पेशंट मिटतात तसे.

"कोणती खडी?" काकूंनी विचारलं.

पुढचा अर्धा तास मी गच्चीवर होतो. खालून डॉक्टरांचा आवाज फारसा येत नव्हता. शेवटी काकू जिन्यात आल्या. मला वाटलं, खोली सोडायला सांगतात.

"तुले नक्की माहीत आहे? बहुतेक नाही, नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

"मंग ओरडू दे." त्यांनी खाली जाऊन जुने पॅड कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवलं.

डॉक्टर गेले. ट्रॅकच्या दिवशी काकूंनी मला दिवसभर खालीच बसवून घेतलं. "तूच सांगितलं ना, मंग तूच बस." संध्याकाळी फोन आला. मी कान देऊन ऐकत होतो. काकू फक्त "हं, हं" करत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "गाडी थांबते म्हणे." आणि उठून मला जेवायला वाढलं. विचारलं नाही, सरळ दोनदा भात वाढला.

परतीच्या दिवशी मी आणि काकू ओट्यावर बसलो होतो. त्या पुन्हा पुन्हा फोनकडे पाहत होत्या आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होत्या. तेवढ्यात चौकाच्या बाजूने तो आवाज आला, पितळेवर कानस घासल्यासारखा, लांबलचक. समोरच्या घरातल्या मुलाने कानात बोटं घातली.

काकू पदर सावरत उठल्या. "ऊठ इंजिनिअर," त्या म्हणाल्या, "फाटक उघड. आले तुझे ब्रेक."